राखलेल्या वाटा

शहागंजातून सायकलवर हिंडायला निघा, असे कुणी म्हटले तर जुन्या शहरातला माणूस आधी हसेल आणि मग सांगणाऱ्याच्या तब्येतीची चौकशी करील. घड्याळ मनोऱ्याच्या पायथ्याशी हातगाड्यांची दाटी, त्यांच्यातून वाट काढणाऱ्या रिक्षा, सराफ्याकडून आणि राजाबाजाराकडून एकाच वेळी येऊन पडणारी माणसे. इथे सायकल नाही असे मुळीच नाही. दुधाच्या किटल्या लावलेली सायकल आहे, चावीवाल्याची आहे, मोंढ्यात हमालीला जाणाऱ्याची आहे. पण ती पोटासाठी चालते. गावे, शेते, टेकड्या पाहत दिवसभर रमतगमत जाण्यासाठी सायकल काढायची, ही कल्पना या चौकाला परकी आहे.

तरीही या पुस्तिकेतल्या सगळ्या वाटांची अंतरे शहागंजच्या घड्याळापासून मोजली आहेत, आणि ते मुद्दाम केले आहे. सायकलसहल म्हटली की महागडी सायकल, मोटारीमागे लावलेला स्टँड आणि नव्या वसाहतीतले प्रशस्त घर डोळ्यांपुढे येते. गर्दीतून सुटका हवी असते ती मात्र गर्दीत राहणाऱ्याला. शिवाय हे दरवाजांचे शहर. चेलीपुऱ्यातून दिल्ली दरवाजा गाठला की पुढे हर्सूल आणि सावंगी. सिटी चौक, भडकल दरवाजा करीत छावणी ओलांडली की दौलताबादची दिशा. पैठण दरवाजातून निघाले की गोदाकाठ. १६१० मध्ये मलिक अंबरने खडकी वसवली तेव्हापासून गावाबाहेर जाण्याच्या दिशा फारशा बदललेल्या नाहीत. बदलली ती त्या दिशांनी धावणारी वाहने.

पुस्तिकेचा विषय आहे ज्या वाटांवर मोटार नाही, किंवा इतकी तुरळक आहे की तिची आठवण राहू नये, अशा वाटांवरून केलेली संथ सायकलसहल. हा प्रकार सर्वांत नेटका रुजला तो फ्रान्सच्या खेड्यापाड्यांत. म्हणून आधी तिथली हकीगत सांगतो आणि मग घरी येतो. फ्रान्सचे कौतुक करून उसासा टाकण्याचा माझा इरादा नाही. तिथल्या वाटा बारकाईने पाहिल्या तर ध्यानात येते की त्यांतल्या फार थोड्या सायकलसाठी बांधल्या गेल्या. बहुतेक वाटा दुसऱ्याच कामासाठी बांधलेल्या, ते काम संपलेल्या आणि तरीही कुणीतरी राखलेल्या आहेत. दुसऱ्या कामासाठी बांधलेल्या वाटा आपल्याकडेही आहेत. उणीव आहे ती राखणाऱ्याची.

फ्रान्समध्ये सायकल म्हटली की आपल्याला टूर द फ्रान्स आठवते. पण तिथे शर्यतीच्या शेजारीच दुसरी एक परंपरा वाढली. सँतेतिएन या गिरण्या-खाणींच्या शहरातला पॉल द व्हिव्ही (१८५३–१९३०) हा रेशमाचा व्यापारी होता. 'व्हेलोसियो' या टोपणनावाने तो लिहीत असे. १८८७ मध्ये त्याने सायकलीवरचे नियतकालिक काढले आणि पुढची चाळीसेक वर्षे एकच धोशा लावला: सायकल हे सामान्य माणसाने आपल्या बळावर देश पाहण्याचे साधन आहे. चढावर दम लागू नये म्हणून सायकलीला अनेक गिअर असावेत, असा त्याचा आग्रह होता. शर्यतवाल्यांना तो कमकुवतपणा वाटे. टूर द फ्रान्समध्ये चालत्या सायकलीवर गिअर बदलण्याच्या यंत्रणेला परवानगी मिळाली ती १९३७ साली, म्हणजे व्हेलोसियोच्या मृत्यूनंतर सात वर्षांनी. सहलीला जाणाऱ्यांनी ती केव्हाच आपलीशी केली होती.

त्या काळात मोटारमुक्त वाट वेगळी शोधावी लागत नव्हती, कारण मोटारीच कमी होत्या. दुसऱ्या महायुद्धानंतर चित्र पालटले. घरोघरी मोटार आली, खेड्यातले रस्ते रुंद झाले, आणि त्याच मोटारीने आणखी एक गोष्ट केली. तिने आडबाजूच्या रेल्वेगाड्या रिकाम्या केल्या. १८७९ मध्ये सार्वजनिक बांधकाम मंत्री शार्ल द फ्रेसिने याने देशातल्या प्रत्येक तालुकावजा ठाण्यापर्यंत रेल्वे नेण्याची योजना आखली होती. तिच्यामुळे शेता-द्राक्षमळ्यांतून जाणाऱ्या शेकडो लहान मार्गांचे जाळे विणले गेले. विसाव्या शतकात प्रवासी आटले, गाड्या थांबल्या, रूळ उखडले गेले. मागे राहिला तो एक लांबच लांब भराव, दगडी पूल, बोगदे आणि ओस पडलेली स्थानके. जमीन मात्र बहुतेक ठिकाणी सार्वजनिक मालकीचीच राहिली.

१९९७ मध्ये बर्गंडी प्रांतातल्या सोन-ए-ल्वार जिल्ह्याने जिव्री ते क्लुनी हा बंद पडलेला सुमारे ४४ किलोमीटरचा रेल्वेमार्ग डांबर घालून चालणाऱ्यांना आणि सायकलवाल्यांना खुला केला. फ्रान्समधली पहिली 'व्वा व्हेर्त', म्हणजे हरित वाट, म्हणून तीच ओळखली जाते. पुढच्याच वर्षी सरकारने अशा वाटांचा राष्ट्रीय आराखडा मंजूर केला आणि २००४ मध्ये वाहतूक संहितेत त्यांना व्याख्या मिळाली: इंजिन नसलेली वाहने, पादचारी आणि घोडेस्वार यांच्यासाठी राखून ठेवलेला रस्ता. वाटेच्या तोंडाशी चौकोनी निळी पाटी असते; तिच्यावर चालणारा माणूस, सायकलस्वार आणि घोडेस्वार असे तिघे असतात. मोटार आत शिरू नये म्हणून नागमोडी अडसर असतो. क्लुनीच्या पुढे ब्वा क्लेर नावाचा सुमारे १६०० मीटरचा जुना रेल्वे बोगदा लागतो. सायकलवाले तो वापरतात, पण हिवाळ्यात त्याचे दार बंद होते, कारण तेव्हा तिथे वटवाघळे झोपी गेलेली असतात. मग सायकलवाल्याने डोंगर चढून पलीकडे जावे. ज्या व्यवस्थेला वटवाघळांच्या झोपेचे वेळापत्रक सांभाळता येते, तिथे वाट राखणारे खाते केवळ कागदावर नसते, एवढे नक्की.

रेल्वे आणि कालवे यांच्याच वाटा का निवडल्या गेल्या, याचे कारण साधे आहे. वाफेच्या इंजिनाला तीव्र चढ झेपत नसे, म्हणून रेल्वेच्या भरावावर शंभर मीटरला दोन-तीन मीटरपेक्षा अधिक चढ क्वचितच असतो. कालव्याला तर पाण्याचाच नियम. समपातळी धरून तो डोंगराला वळसा घालतो, सोपानासारख्या झडपांनी उतरतो. परिणाम असा की सत्तरीतले आजोबा, सात वर्षांची मुलगी आणि मागे सामानाच्या पिशव्या लावलेला प्रवासी एकाच वाटेवरून सारख्याच सुखाने जाऊ शकतात. मोटारीचे भय गेले आणि चढाची धास्ती गेली की सायकल चालवण्यासाठी धाडसी असावे लागत नाही.

कालव्यांतला सर्वांत नामांकित मिदी कालवा. पिएर-पॉल रिके याने १६६६ मध्ये काम सुरू केले आणि १६८१ मध्ये, त्याच्या मृत्यूनंतर काही महिन्यांनी, ते पुरे झाले. म्हणजे आपल्याकडे शिवाजी महाराज आग्र्याहून सुटले त्या वर्षी कुदळ पडली आणि औरंगजेब दख्खनेत उतरला त्या सुमारास पाणी वाहू लागले. तुलूझपासून भूमध्य समुद्राकाठच्या सेतपर्यंत २४० किलोमीटर. नावा ओढणाऱ्या घोड्यांसाठी काठाने पायवाट होती, तीच आजची सायकलवाट. काठावर चिनारच्या कुळातली उंच झाडे ओळीने लावली होती, सुमारे ४२ हजार. २००६ पासून त्यांना बुरशीच्या रोगाने ग्रासले, हजारो झाडे तोडावी लागली, आणि आता तिथे निरनिराळ्या जातींची नवी झाडे लावली जात आहेत. १९९६ मध्ये हा कालवा जागतिक वारशाच्या यादीत गेला.

पण याच कालव्यावर आणखी एक धडा मिळतो आणि तो पर्यटनाच्या पत्रकांत सहसा नसतो. तुलूझहून निघाले की पहिले सुमारे पन्नास किलोमीटर वाट गुळगुळीत आहे. जिल्ह्याची हद्द ओलांडून ओद जिल्ह्यात शिरले की बराच काळ मुळांनी उचकटलेली, पावसात चिखल होणारी कच्ची पायवाट प्रवाशांच्या वाट्याला येत असे. कालवा तोच, पाणी तेच, जागतिक वारसाही तोच. फरक केवळ देखभालीची जबाबदारी कुणी केव्हा घेतली याचा. तिथली पद्धत अशी: कालवा जलमार्गांच्या सरकारी संस्थेच्या ताब्यातच राहतो; काठाच्या वाटेची डागडुजी, पाट्या, गवत कापणे हे काम जिल्हा परिषदेसारखी स्थानिक संस्था करारनाम्याने आपल्याकडे घेते. जिथे करार झाला तिथे वाट झाली.

सगळ्याच फ्रेंच सायकलवाटा पूर्णपणे मोटारमुक्त आहेत असा समज मात्र करून घेऊ नये. ल्वार नदीच्या काठाने नव्हेरजवळून अटलांटिक समुद्रापर्यंत सुमारे ९०० किलोमीटरची प्रसिद्ध वाट जाते. तिचा बराच भाग खेड्यांना जोडणाऱ्या साध्या डांबरी रस्त्यांवरून आहे. तिथे ट्रॅक्टर भेटतो, टपालाची गाडी भेटते. मोठ्या रस्त्यांना फाटा देत, हरित वाटा आणि निवांत रस्ते पाट्यांनी एका धाग्यात ओवणे, ही त्यातली कल्पकता. वाटेपासून पाच किलोमीटरच्या आतली जी लॉज, खाणावळी, तंबूंची मैदाने सायकल ठेवायला बंदिस्त जागा आणि दुरुस्तीची हत्यारे देतात, त्यांना 'आकय व्हेलो' हे चिन्ह लावता येते. त्यामुळे एरवी कुणी थांबले नसते अशा गावात रात्री मुक्काम पडतो, आणि गावच्या बेकरीला चार गिऱ्हाइके वाढतात.

फ्रान्सची सायकल आपल्यापर्यंत पोचली, पण ती दुसऱ्याच रूपात. पॅरिस–ब्रेस्ट–पॅरिस हा १२०० किलोमीटरचा, ९० तासांत पुरा करायचा प्रवास दर चार वर्षांनी होतो. त्याच्या पात्रतेसाठी २००, ३००, ४०० आणि ६०० किलोमीटरच्या 'ब्रेव्हे' असतात. गेल्या दशकभरात महाराष्ट्रातल्या शहरांत त्या चांगल्याच रुजल्या आणि इथले डॉक्टर, अभियंते, शिक्षक पॅरिसला जाऊन आले. त्यांची चिकाटी वाखाणण्याजोगी आहे. पण २०० किलोमीटर साडेतेरा तासांत गाठायचे म्हणजे चांगला रस्ता हवा, आणि चांगला रस्ता म्हणजे महामार्ग. त्यामुळे फ्रान्समधली सहनशक्तीची परीक्षा आपण ट्रकांच्या शेजारून देतो, आणि त्याच देशाची निवांत सहल मात्र अद्याप आपल्याकडे यायची आहे.

आता घरी येऊ.

फ्रान्ससारखे ओस पडलेले रेल्वेमार्ग आपल्या परिसरात शोधायला गेले तर हाती काही लागत नाही. निजामाच्या काळात, १९०० च्या सुमारास, गोदावरी खोऱ्यातून मनमाड–हैदराबाद मीटरगेज मार्ग झाला. पुढे त्याचे ब्रॉडगेज झाले आणि आज त्यावर गाड्या धावतात. त्याचा उपयोग वेगळा आहे: सायकलने लासूरपर्यंत जावे आणि परतताना ती रेल्वेत लगेज म्हणून बुक करून यावे. विदर्भात मात्र 'शकुंतला' आहे. यवतमाळ–मूर्तिजापूर–अचलपूर हा सुमारे १९० किलोमीटरचा नॅरोगेज मार्ग, वऱ्हाडचा कापूस बंदराकडे नेण्यासाठी ब्रिटिश कंपनीने बांधलेला आणि आता बंद पडलेला. नकाशा पाहून कुणालाही तिथे सायकलवाट सुचेल. पण त्या गावांतल्या लोकांची मागणी रेल्वे परत सुरू करा, अशी आहे. ज्यांना दवाखान्यात जायला स्वस्त गाडी हवी आहे त्यांच्या रुळांवर आपण सहलीचे डांबर ओतू नये. फ्रान्समध्येही हा वाद होतो. तिथे निदान एवढे तरी पथ्य पाळता येते की पट्टा अखंड आणि सार्वजनिक राहिला, तर उद्या त्यावर पुन्हा रूळही टाकता येतात.

आपल्याकडे खरी श्रीमंती आहे ती कालव्यांची. पैठणच्या जायकवाडी धरणाचा पायाभरणी समारंभ १९६५ मध्ये लालबहादूर शास्त्रींच्या हस्ते झाला आणि १९७६ मध्ये इंदिरा गांधींनी धरणाचे उद्घाटन केले. पैठणच्या डाव्या कालव्याची लांबी २०८ किलोमीटर, उजव्याची १३२. डावा कालवा म्हणजे मिदी कालव्याहून थोडाच आखूड! तो छत्रपती संभाजीनगर, जालना, परभणी असा जातो. उजवा बीड जिल्ह्यातून माजलगावकडे. दोन्हींच्या भरावावरून पाहणीसाठी खात्याची कच्ची वाट आहे. चढ नाही, चौक नाहीत, एका बाजूला पाणी आणि दुसऱ्या बाजूला ऊस, मोसंबी, कापूस. आवर्तन सुटलेले असले की काठावर धुणी, गुरे, पाणी उपसणाऱ्या पंपांचे पाईप आणि पाण्यात डुंबणारी पोरे असा सगळा गावगाडा भेटतो. पण ही वाट पाटबंधारे खात्याची आहे, तिच्यावर वाहने नेण्याला कायद्याने बंधने आहेत, आणि काही ठिकाणी भराव खचला आहे, काही ठिकाणी वेड्या बाभळीने तो गिळला आहे. म्हणून या पुस्तिकेत कालव्याचे जे टप्पे दिले आहेत ते शाखा कार्यालयात विचारून, उजेडात आणि गटानेच करावेत. पाणी खोल असते, अस्तर निसरडे असते आणि पडलेल्या माणसाला वर चढायला धड पायऱ्याही नसतात.

दुसरी श्रीमंती पांदीची. गावनकाशा उघडून पाहिला तर शेतांच्या मधून तुटक रेषा जाताना दिसतात. दुहेरी तुटक रेष म्हणजे गाडीमार्ग, साडेसोळा ते एकवीस फूट रुंद. एकेरी म्हणजे पायमार्ग, सव्वाआठ फूट. या रेषा कुणाच्या मालकीच्या जमिनीची मेहेरबानी नव्हेत, त्या गावाच्या हक्काच्या वाटा आहेत. प्रत्यक्षात दर पेरणीला एकेक तास आत सरकत कित्येक पांदी बांधाएवढ्या उरल्या. फ्रान्समध्येही गावकीच्या वाटा अशाच नांगराखाली गेल्या आहेत. शेतकऱ्याची हाव देश पाहत नाही. आपल्याकडे अडवलेली वाट मोकळी करून मागण्याची सोय १९०६ च्या मामलेदार न्यायालय कायद्यात आहे. बांधावरून रस्ता मिळण्यासाठी जमीन महसूल संहितेचे कलम १४३ आहे. २०२१ मध्ये मातोश्री ग्रामसमृद्धी शेत-पाणंद रस्ते योजना आली. २०२५ मध्ये शासनाने शेतरस्ते तीन ते चार मीटर रुंद असावेत आणि सातबाऱ्यावर त्यांची नोंद व्हावी, असा निर्णय घेतला. हे सगळे ट्रॅक्टर आणि कापणीयंत्र शेतात पोचावे म्हणून झाले. त्याच वाटेवरून सायकलही जाऊ शकते, आणि तिच्यासाठी वेगळा रुपयाही लागत नाही.

तिसरी गोष्ट रस्त्याकडेच्या दगडांची. किलोमीटरच्या दगडाचा माथा पिवळा असेल तर राष्ट्रीय महामार्ग, हिरवा असेल तर राज्य महामार्ग, तिथून निघावे. नारिंगी माथ्याचा दगड दिसला की तो रस्ता प्रधानमंत्री ग्रामसडक योजनेतला. २००० साली सुरू झालेल्या या योजनेने वाड्या-वस्त्यांना डांबरी रस्ता दिला, आणि त्या वस्तीपलीकडे कुणाला जायचेच नसल्याने त्यावर वाहतूक राहते ती गावापुरती. ल्वारकाठचे फ्रेंच निवांत रस्ते याच प्रकारचे आहेत. या पुस्तिकेतल्या बहुतेक वाटा नारिंगी दगडांना धरून आखल्या आहेत. देवळाई, सिंदोण, भिंदोण, कचनेरचा फेरा तसा आहे. चौका घाट टाळून सारोळ्याच्या डोंगराकडे जाणारा तसा आहे.

दौलताबाद–खुलताबादची दिशा वगळता येणार नव्हती, पण तिच्याबद्दल स्पष्ट सांगितले पाहिजे. छावणी ते शरणापूर हा पट्टा सायकलवाल्याला सुखाचा नाही, आणि दौलताबादच्या जुन्या दरवाजात एक मोठी गाडी अडकली की सगळेच अडकतात. घाट चढून कागजीपुऱ्याला पोचले, जिथे हाताने कागद बनवण्याची कला शतकानुशतके टिकून आहे, की वाट उघडते. खुलताबादहून सुलीभंजन आणि म्हैसमाळ. शहर साधारण ५७० मीटरवर आणि म्हैसमाळ १०६७ मीटरवर, तेव्हा व्हेलोसियोच्या गिअरांचे मोल इथे कळते. पावसाळ्यातल्या रविवारी मात्र तिकडे फिरकू नये. मोटारींची रांग खुलताबादपासून लागते. सुलीभंजनच्या टेकडीशी नाथांच्या तपश्चर्येची आठवण जोडलेली आहे. पैठणचा बाल एकनाथ देवगिरीला जनार्दनस्वामींकडे गेला होता, आणि या पुस्तिकेतल्या सर्वांत लांब वाटेची दोन टोके तीच आहेत. तिच्यातला पैठण ते बिडकीन हा भाग गावरस्त्यांनी जोडता आला. बिडकीनपासून शहरापर्यंतचा मुख्य रस्ता औद्योगिक वाहतुकीने भरलेला असतो. तिथे सायकल टेम्पोत चढवण्यात कमीपणा मानू नये.

हंगाम ओळखावा. पहिल्या पावसानंतर काळी माती चाकाला अशी चिकटते की सायकल खांद्यावर घ्यावी लागते. ऑगस्टअखेरपासून फेब्रुवारीपर्यंतचे दिवस उत्तम, पण गळीत हंगामात दोन-दोन ट्रॉल्या लावलेले उसाचे ट्रॅक्टर पैठण तालुक्यात आडरस्त्यांवरही भेटतात. बाभळीचा काटा आणि सराटा यांच्यासाठी दोन ट्यूबा आणि पंप जवळ हवेच. पांदीत बैलगाडीला आणि ट्रॅक्टरला आधी वाट द्यावी. हरभऱ्याचा डहाळा विचारल्याशिवाय उपटू नये; विचारले तर बहुधा हुरड्यालाच बसवतात.

राहिला मुख्य प्रश्न: हे आपल्याकडे होणार का? एकाच प्रकारच्या वाहनासाठी आख्खा रस्ता राखून ठेवणे आपल्याला जमते, याचा पुरावा शहराच्या उत्तरेला उभा आहे. ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग मोटारींसाठी कुंपण घालून राखलेला आहे. सायकलीला आणि दुचाकीला तिथे मज्जाव. भूसंपादन झाले, पूल झाले, गुरांसाठी आणि गावांसाठी खालून मार्ग झाले. उलट बाजूचे उदाहरणही आहे. आळंदी आणि देहूहून पंढरपूरला जाणाऱ्या पालखी मार्गांच्या नव्या रचनेत वारकऱ्यांसाठी रस्त्याशेजारी वेगळी पायवाट धरली आहे. पायी चालणाऱ्याला मोटारीपासून वेगळी जागा हवी, हे तत्त्व सरकारने मान्य केले ते शतकानुशतके लाखो लोक चालत राहिले म्हणून.

इथे सहलीपलीकडचे एक माणूस आठवावे लागेल. मानव विकास कार्यक्रमातून राज्यातल्या मागास तालुक्यांत आठवी ते बारावीच्या मुलींना शाळेत जाण्यासाठी सायकली मिळतात. या मुली वस्तीवरून पाच किलोमीटरपर्यंतची शाळा रोज गाठतात. सायकल सरकारने दिली; ती चालवायची कुठून, हे कुणी ठरवले नाही. त्यामुळे ती मुलगी डंपरच्या शेजारून जाते, आणि एखादा अपघात झाला की तिच्याबरोबर गावातल्या चार मुलींची शाळा सुटते. वस्ती ते शाळा अशी एक पांद मोकळी झाली, मुरूम पडला, तोंडाशी मोटार अडवणारे दोन खांब रोवले, तर त्याच वाटेवरून शहागंजचा सहलकरूही जाईल. उलट मात्र घडेलच असे नाही. सहलकरूंसाठी बांधलेली वाट शाळेपर्यंत जात नाही.

म्हणून ही पुस्तिका वाचून सायकल काढणाऱ्याला माझे सांगणे आहे. जिथे जाल तिथल्या ग्रामपंचायतीत पाच मिनिटे थांबा, गावनकाशातली तुमची वाट कोणती ते विचारा आणि ती कुठे अडली आहे ते लिहून द्या. कालव्याच्या शाखा कार्यालयात परवानगी मागताना तिची पोच घ्या. मागणीची नोंद झाली तरच उद्या करारनाम्याची भाषा करता येईल. सोन-ए-ल्वार जिल्ह्याकडे १९९७ मध्ये होता तो एक ओस भराव आणि त्याची जबाबदारी घ्यायला तयार असलेली एक स्थानिक संस्था. भराव आपल्याकडे २०८ किलोमीटरचा आहे. जबाबदारी कुणाची, हे विचारणारी माणसे वाढवण्यासाठी या वाटा छापल्या आहेत, आणि दुसऱ्या आवृत्तीत एखाद्या वाटेपुढे 'परवानगी लागते' ऐवजी 'सर्वांना खुली' असे छापता आले, तर पहिल्या आवृत्तीचे काम झाले असे समजावे.

शहागंज, छत्रपती संभाजीनगर